पाव आटा जास्त

गॅरेजमध्ये एक पत्र्याचा डबा असतोच. गाडी जोडून झाली की जो स्क्रू उरतो तो त्यात जातो. कुठल्या गाडीचा, ते विचारायचं नाही! आमच्या नारायणगावच्या गॅरेजचे किस्सेही असेच साठलेत. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट, तरी डबा अजून भरलेलाच आहे.

मी संपत, आणे गावचा, तिथं काम शिकणारा पोरगा. मालकाला सगळे नुसतं मिस्त्री म्हणायचे. माझा हात शिवशिवायचा, हा माझा रोग. कार्ब्युरेटरची बॉडी मऊ धातूची, स्क्रू पोलादाचा. स्क्रू बसला की थांबायचं, एवढंच काम. पण मला वाटायचं, अजून पाव आटा फिरवावा. पहिल्याच महिन्यात पेट्रोल साठतं त्या खालच्या वाटीचा स्क्रू पाव आटा जास्त फिरवला आणि तो गरागरा मोकळा फिरायला लागला. आतले आटे साफ!

मिस्त्री बघत होते. म्हणाले, "आरं, स्क्रू पिळतो का ऊस?"

मग त्यांनी भोक वाढवून नवे आटे पाडले, मोठा स्क्रू बसवला आणि मला कायदा सांगितला. "तीन कार्ब्युरेटर. तिसरा गेला की पिशवी उचलायची आन् आण्याची यष्टी धरायची."

*

दुसरा गेला टोमॅटोच्या सीझनमध्ये. एक पावणं घाईत आलेलं. "भाऊ, लई घट्ट करा. रस्त्याला खड्डे हायेत."

मिस्त्री पलीकडून ओरडले, "संपत, गिऱ्हाइकाचं ऐकू नको!"

तोवर मी ऐकलं होतं. या वेळी तर भोक वाढवायलाही जागा उरली नाही. पितळेची बुश, म्हणजे छोटी नळी, लेथवर करून आणली, ती आत बसवली, तिच्यात आटे पाडले. माझा अख्खा दिवस मान खाली घालून गेला.

सुट्टीला घरी गेलो, तर आमचे वडील खूश. त्यांना मी शेतीतच हवा होतो. "दोन झालं न्हवं? मग तिसरा कवा?" दर सुट्टीला हाच प्रश्न! आणि मला तर गॅरेज सोडायचं नव्हतं. पेट्रोलच्या वासाशिवाय मला करमत नव्हतं, राव.

*

मिस्त्रींनी माझ्या हातावर इलाज सुरू केले. आधी बारीक मुठीचा पेचकस दिला, म्हणजे जोरच लागू नये. मग स्क्रू फिरवताना मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्यो पाढे का म्हणतोय?"

गॅरेजात दाबून धरलेला जोर बाहेर निघायला लागला. समोरच्या चहावाल्याच्या साखरेच्या बरणीचं झाकण मी सहज लावून दिलं. दोन तास दुकानात कुणालाच ते उघडेना. बिनसाखरेचा चहा पिऊन लोकांनी मला शिव्या घातल्या.

*

एकदा आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर गाडी घेऊन आल्या. माझे आकडे ऐकून म्हणाल्या, "दे इकडं." दोन बोटांनी स्क्रू फिरवला आणि बरोबर जागेवर थांबल्या. "हाताला कळतं रे. इंजेक्शन देताना नाही का कळत?"

मिस्त्री हात जोडून म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून तुमी हितं या. संपतला तुमच्याकडं पाठवतो."

"नको बाई! पेशंट पळून जातील."

*

शिनोलीचे गुरुजी आले तो दिवस मात्र विसरणार नाही. मिस्त्रींनी त्यांच्या कार्ब्युरेटरची वाटी उघडली, तर एका स्क्रूला शिवणाचा दोरा गुंडाळलेला आणि वर साबण चोपडलेला! आटे गेले होते, म्हणून गुरुजींनी घरीच केलेला उपाय.

"पाच वेढे दिलेत," गुरुजी अभिमानानं म्हणाले. "दोन महिने टिकलंय."

मिस्त्रींनी तो स्क्रू वर धरून दहा माणसांना दाखवला. "गुरुजी, ही गाडी हाय का गोधडी? शिकलेली मान्सं तुमी! जरा लाज?" दोरा ओढून काढला आणि रस्त्यावर फेकला. गुरुजी बिचारे चहाही न पिता गेले. मला लई वाईट वाटलं, आणि भीतीही. गुरुजींचं हे, मग माझं काय?

*

मिस्त्रींची स्वतःची गाडी होती. तिला कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा कायदा. पण एकदा तापलेल्या सायलेन्सरवर त्यांचा तळहात भाजला, हाताला पट्टी, आणि नेमकं त्याच दिवशी गाडीच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळायला लागलं. दुपारी त्यांना घोडेगावला लेकीच्या सासरी जायचं होतं.

बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. शेवटी म्हणाले, "संपत, खोल."

दोन झाले होते, हा तिसरा. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. चौथ्याला पेचकस लावला आणि तो नुसताच गरागरा फिरला. घामच फुटला! डोळ्यांसमोर आण्याची यष्टी आली. मी यष्टीतून उतरतोय आणि वडील हसतायत, तेही दिसलं.

"मिस्त्री, म्या जोर लावला न्हाई. आईच्यान!"

मी स्क्रू चिमटीत धरून हळूच ओढला. बाहेर आला. त्याला लाल दोरा गुंडाळलेला होता. वर साबण.

मी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री हायवेकडं बघत होते.

"काय बघतो?" ते तिकडंच बघत म्हणाले. "वाटीतला कचरा काढ आन् स्क्रू जसा व्हता तसा बसव. गुरुजीवानी पाच येढं देऊ नको. सात लागत्यात."