कपाटातला कॉम्प्युटर

श्यामसुंदर केळुसकरच्या स्टुडिओत दोन कॉम्प्युटर होते. एक दिसायचा आणि दुसरा काम करायचा.

दिसायचा तो चंदेरी लॅपटॉप. त्याच्या मुलीने, क्षिप्राने, नोकरी लागल्यावर नवा घेतला आणि हा बापाकडे टाकला. आतून तो जवळजवळ मेलेला होता, पण पडदा अजून झकास होता. श्यामसुंदरने त्यावर हिरव्या रेघा वरखाली नाचतानाचा एक व्हिडिओ लावून ठेवला होता. काचेपलीकडे माईकसमोर उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या रेघा आपल्याच आवाजावर नाचताहेत असं वाटायचं. त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

काम करायचा तो त्याच्या पाठीमागच्या लाकडी कपाटात. २००५ साली सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप, पांढऱ्याचा पिवळा झालेला डबा, आणि त्यात बसवलेलं साउंड कार्ड. माईकचा आवाज या कार्डातून आत जायचा आणि रेकॉर्ड व्हायचा. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ते कधीच बंद केलं होतं. नव्या कॉम्प्युटरमध्ये ते बसायला खाचच नव्हती, आणि नवी विंडोज त्याला ओळखतही नव्हती. म्हणून जुनं कार्ड हवं तर जुना डबा हवा, जुना डबा हवा तर जुनी विंडोज हवी, असं ते सगळं एकमेकांच्या आधाराने उभं होतं. इंटरनेट त्याला दाखवायचंसुद्धा नाही. दर महिन्याला श्यामसुंदर डबा उघडायचा, ब्रशने धूळ काढायचा, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासायचा आणि कार्ड पुन्हा खाचेत दाबून बसवायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून त्याने एक मेलेलं कार्ड नुसतं स्पेअरसाठी आणून ठेवलं होतं. दुसरं काही घेणं झेपण्यासारखं नव्हतं हे खरं, पण त्या कार्डाचा आवाज त्याला मनापासून आवडायचा, हेही खरं.

एकेकाळी तो ऑर्केस्ट्राचा साउंडवाला होता. लोक त्याचा कान मानायचे. नवी मुंबईतल्या तळवलीत गोटीराम भोईरच्या इमारतीत तळमजल्याला त्याने स्टुडिओ टाकला तेव्हा गॅदरिंगची गाणी, देवळांच्या आरत्या, मंडळांच्या घोषणा, सगळं त्याच्याकडे यायचं. पुढे पोरं मोबाइलवरच रेकॉर्डिंग करायला लागली. एकदा एका जाहिरातवाल्याने तो पिवळा डबा पाहिला आणि हसून सोबतच्याला म्हणाला, "अरे, हे म्युझियममध्ये ठेव." त्या आठवड्यात श्यामसुंदरने सुताराकडून कपाट करून घेतलं. बायको मीना म्हणाली, "कॉम्प्युटर लपवायचा म्हणजे काय? चोरीचा आहे का?"

डिसेंबरात करावे गावातल्या मालतीबाई तांडेल आल्या. सोबत नात, मनस्वी, बँकेत काम करणारी. मालतीबाई धवलारीण, म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवले ही पारंपरिक गाणी म्हणणारी बाई. सत्तरी ओलांडलेली, अंगाने बारीक, पण आवाज असा की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याने मान वर करावी. धवले कुठे लिहिलेले नाहीत, आजीनंतर कोण म्हणणार, म्हणून मनस्वीने रेकॉर्डिंगचं मनावर घेतलं होतं.

पहिला अर्धा तास छान गेला. मग आवाज तापला, मालतीबाई वर चढल्या आणि श्यामसुंदरच्या हेडफोनमध्ये कापड टर्रकन फाडल्यासारखं झालं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. हळू म्हटलं की स्वच्छ, जोरात म्हटलं की फाटतंय.

त्याला लगेच कळलं. दोन दिवसांपूर्वी ढोलकीच्या रेकॉर्डिंगला हेच झालं होतं. कार्ड तापलं की मोठा आवाज त्याला सोसत नव्हता. आता खरं तर उठायचं, कपाट उघडायचं, डबा थंड होईपर्यंत चहा पाजायचा. पण कपाट उघडलं की मनस्वी बघणार. चंदेरी लॅपटॉपकडे बघणार, मग पिवळ्या डब्याकडे. काचेपलीकडून ती विचारतच होती, "काका, काही प्रॉब्लेम आहे का?"

"मशीन ओके आहे," श्यामसुंदर म्हणाला. "मावशींचा आवाज वरच्या पट्टीत फाटतोय. वय झालं की होतं तसं."

"फाटतोय?" मालतीबाईंनी गळ्याला हात लावला. "मना तर नाय कलला."

"आपल्याला आपलं कळत नाही, मावशी. मशीनवर दिसतं."

त्याने त्यांना हेडफोन दिले. त्यांनी ऐकलं, दोनदा ऐकलं आणि हेडफोन हळूच खाली ठेवले. "पुरे करू," एवढंच म्हणाल्या. रिक्षात बसताना त्या मनस्वीच्या खांद्याला धरून बसल्या. येताना धरलं नव्हतं.

श्यामसुंदरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण अशा गोष्टी माणूस आठ दिवसांत गुंडाळून ठेवतो. त्यानेही ठेवली.

एप्रिलमध्ये गोटीरामच्या मुलीचं लग्न होतं. भाडेकरू म्हणून श्यामसुंदरला आग्रहाचं बोलावणं. सकाळीच मांडव भरला होता, आणि धवले म्हणायला एक तरुण बाई बसली होती. मोबाइलमध्ये बघून वाचत होती. मध्येच अडखळायची, बोटाने पडदा वर सरकवायची. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

श्यामसुंदरने सहज विचारलं, "मालतीबाईंना नाही बोलावलं?"

"तिलाच सांगलेला," गोटीराम म्हणाला. "माझ्या लग्नाला तीच व्हती. पन ती नाय आली. आता कुठंच जात नाय. कोन स्टुडिओवाल्यानं मशीनवर बघून सांगलाय म्हने, आवाज फाटला म्हनून. आता मशीन काय खोटा बोलनार?" मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "तुमच्याकडंच आलेली ना ती?"

"हो," श्यामसुंदर म्हणाला.

"मग बरोबर," म्हणत गोटीराम पाहुण्यांकडे वळला.

श्यामसुंदर हातात ताट धरून उभा राहिला. कुणीतरी वाढायला आलं, त्याने नको म्हटलं. समोर ती बाई पुन्हा अडखळली. त्याला वाटलं, सगळा मांडव आपल्याकडे बघतोय. खरं तर कुणीही बघत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी करावेला जायचं त्याने ठरवलं आणि गेला मात्र नाही. आधी कार्ड दुरुस्त करू, मग तोंड दाखवू, अशी स्वतःची समजूत घातली. कोपरखैरण्याच्या अंकुशकडे कार्ड नेलं. हा सर्किटचं बारीक काम करणारा माणूस. त्याने भिंग लावून बघितलं. "काका, हे कपॅसिटर बघा." नळकांड्याच्या आकाराचे ते बारके डबे डोक्यावर फुगले होते. "वर्षभर तरी आवाज खराब करत असणार. तुमच्या कानाला कळलं नाही?"

"कळलं होतं," श्यामसुंदर म्हणाला. अंकुशने वर बघितलं. मग त्याने श्यामसुंदरने स्पेअर म्हणून ठेवलेल्या मेलेल्या कार्डातले चांगले कपॅसिटर काढले आणि यात डाकले.

कार्ड दुरुस्त झालं. सबब संपली. तरी पहिल्यांदा श्यामसुंदर करावेच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्यांदा मालतीबाईंनीच ओट्यावरून बघितलं. त्या सुकट निवडत बसल्या होत्या.

"अरे, मशीनवाला! ये ये. मनस्वी, च्या ठेव गो."

तो बसला. घसा खाकरून म्हणाला, "मावशी, ते मशीन दुरुस्तीला दिलं होतं. त्यात फॉल्ट निघाला. तुमचा आवाज चांगला आहे. मशीन खराब होतं."

मालतीबाईंच्या हातातली सुकट हातातच राहिली. मग त्यांचा चेहरा असा उजळला की श्यामसुंदरला बघवेना. त्यांनी शेजारणीला हाक मारली, "ऐकलास का? माजा गला बरा हाय! एवढ्या लांबून सांगाया आला बिचारा. दुसरा कोन आला असता?" मनस्वी बाहेर आली. तिने चहाबरोबर बिस्किटं ठेवली. "थँक यू, काका," ती म्हणाली. "खरंच. आजी चार महिने घरातसुद्धा गुणगुणली नाही."

आता चहा पिऊन उठता आलं असतं. निम्मं सांगून झालं होतं आणि निम्म्यावरच त्याला मान मिळत होता. श्यामसुंदरने कप तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?" मनस्वीने विचारलं.

"मशीनच बिघडलंय हे. मावशी म्हणत होत्या तेव्हाच कळलं होतं मला. तरी मी त्यांच्या गळ्यावर ढकललं."

शेजारीण दारात उभी होती, ती तशीच राहिली. मालतीबाईंनी सुकट बाजूला सारली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "का रं?"

"मशीन जुनं आहे, मावशी. कपाटात लपवून ठेवलंय. समोर दिसतो तो लॅपटॉप नुसता देखावा. तुम्हाला दिसलं असतं. लाज वाटली मला."

"तुला लाज वाटली," मालतीबाई म्हणाल्या. "आन माजी? गोटीरामच्या पोरीचा लगीन व्हता. तिच्या आयशीच्या लग्नाला मी धवले बोलले. मना बोलवाया मानूस आला आन मी आत लपून बसले. सुनेला सांगले, सांग घरात नाय म्हनून. मी कधी कोनापासून लपले नव्हते."

श्यामसुंदरने मान वर केली नाही. मनस्वीने बिस्किटांची बशी उचलून आत नेली. ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"माफ करा" म्हणायला त्याने तोंड उघडलं, तर मालतीबाईंनी हात वर केला. "मना नको सांगू. मना कलला. गोटीरामच्या घरात जा. तितं बायकांना सांग, काय झाला ते. मी माज्या तोंडानं नाय सांगनार."

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्नानंतरच्या पूजेला जमलेले पाहुणे अजून घरात होते तेव्हाच. गोटीरामला बाजूला घेऊन सांगायला लागला तर गोटीराम म्हणाला, "जाऊ द्या हो केळुसकर, मशीनच ती." तेव्हा श्यामसुंदर स्वतःच आतल्या खोलीच्या दाराशी गेला. सात-आठ बायका बसल्या होत्या. साठीला आलेला माणूस, चष्मा हातात धरून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा बोलला. आवाज चिरकला. एक तरुण मुलगी फस्सकन हसली. एका म्हातारीने तिला गप्प केलं आणि श्यामसुंदरला म्हणाली, "बरा केलास सांगलास ते. पन लय वाईट केलास." त्याने मान हलवली. गोटीराम त्यानंतर त्याच्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, पण स्टुडिओत कुणाला पाठवताना आता थोडा थांबायचा.

मालतीबाईंचा निरोप तीन आठवड्यांनी आला. स्टुडिओत येणार नाही, मशीन घेऊन इकडे ये. श्यामसुंदरने सगळा पसारा टेम्पोत घातला: पिवळा डबा, जाड मॉनिटर, माईक, वायरींची भेंडोळी. करावेच्या ओट्यावर ते मांडताना अर्धी गल्ली जमली. "हा चालतो का?" कुणीतरी विचारलं. "चालतो," तो म्हणाला. त्याचे कान गरम झाले होते, तरी त्याने डब्याची बाजूची पट्टी काढूनच ठेवली. आतलं कार्ड, धूळ, फिरता पंखा, सगळं उघडं.

मालतीबाई माईकसमोर बसल्या. पहिला धवला सुरू केला आणि मध्येच थांबल्या. चार-पाच महिन्यांत श्वास तुटायला लागला होता, वरचा सूर थरथरत होता. श्यामसुंदरने आवाजाची पातळी दाखवणारा काटा बघितला, हेडफोन घट्ट दाबले. कुठेही फाटत नव्हतं. जे थरथरत होतं ते खरं होतं, आणि त्यातलं किती वयाचं, किती त्या गप्प बसण्याचं, हे कुठलंच मशीन सांगणार नव्हतं.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "खरा सांग."

"थोडा कापतोय, मावशी. डिसेंबरात कापत नव्हता."

त्यांनी मान डोलावली. पाणी प्यायल्या. मग पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि दुपारपर्यंत, थांबत थांबत, बावीस धवले म्हणून काढले.

पुढच्या आठवड्यात मनस्वी पेन ड्राइव्ह न्यायला तळवलीला आली. श्यामसुंदरने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. पर्समधून स्वतःचा छोटा लॅपटॉप आणि हेडफोन काढले, पेन ड्राइव्ह लावला आणि दारातल्या स्टुलावर ठेवून ऐकायला लागली. एकेक धवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काहीही पुढे न ढकलता. चांगला दीड तास. मीना दोनदा चहाचं विचारून गेली. मनस्वीने दोन्ही वेळा मानेनेच नको म्हटलं. श्यामसुंदर तेवढा वेळ टेबलापाशी उभा होता; बसावं असं त्याला वाटलं नाही.

शेवटचा धवला संपल्यावर तिने हेडफोन काढले, पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे."

"मावशींना सांग, पुन्हा कधी लागलं तर..."

"सांगते," ती म्हणाली आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेली.