उकंडरावची पायपेटी

माझा चुलत दीर उकंडराव आणि बँडमास्तर शेषराव यांचं भांडण मी कुडाआडून ऐकलं. ऐकायला म्हणून गेले नव्हते, ज्वारी निवडत होते. पण त्या दिवशीच्या भाकरीत खडे निघाले, हे खरं.

“लग्नात फाटकं लुगडं चालत नाई, अन् तुले फाटका आवाज पाह्यजे?” शेषराव म्हणत होते. “एका वऱ्हाड्यानंही नाव ठेवलं त गिटार खुंटीले टांगजो. बँडात नको येऊ.”

“फाटका नाई मास्तर, तसाच आहे तो.”

भांडण एका विलायती पेटीचं होतं. सन शहात्तरची गोष्ट. बुलढाण्याला आलेल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून उकंडरावनं ती आपली धडधाकट सायकल देऊन घेतली होती. विटेएवढी लोखंडी डबी, आत चौकोनी सेल, वर एक बटन. विजेच्या गिटारची वायर तिच्यातून भोंग्याकडे जायची. बटनावर पाय दाबून धरला की गोड वाजणारी गिटार गांधीलमाशांचं पोळं छेडल्यासारखी घरघरायची. आरतीला कधी डोळे न मिटणारा हा माणूस, तेव्हा मात्र डोळे मिटायचा. आमच्या मोताळ्यात गिटारवाला तो एकटाच. बँडातून काढलं तर वाजवणार कुठं? गोठ्यात, बैलांपुढं?

पहिलंच लग्न माझ्या पुतणीचं, कोकिळाचं. वऱ्हाड वरवट बकाल गावचं. उकंडरावनं बटन दाबलं आणि भोंगा फाटला समजून भोंगेवाला भगवानराव धावत आला. गाणं चालू असतानाच त्यानं बांबूवरचा भोंगा उतरवून दुसरा चढवला. आवाज तसाच. मग तोही उतरवायला लागला. हे पाहून नवरदेवाची आई, गोजरबाई, रुसली. आमच्याकडं विहिणीनं एकदा तरी रुसावं लागतंच, नाही तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही. पण ही खरीच रुसली. आमच्या वऱ्हाडाला फुटका भोंगा लावला म्हणाली, आणि पंगतीत बसेना.

शेषरावांनी उकंडरावला हातानंच खुंटीची खूण केली.

उकंडराव घामानं भिजला होता. वायर पुरेल तितकी ओढून त्यानं पेटी विहीणबाईच्या पायांपुढं ठेवली.

“विहीणबाई, भोंगा धड आहे. पाय ठेवून पाहा. मी वाजवतो.”

तिनं जोडवी घातलेला पाय ठेवला. घरघर. काढला, तर गोड. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

“हे त माह्या हुकुमात आहे,” ती म्हणाली.

मग काय, बाई पाय काढेना. वाढपी भांडी घेऊन उभे, वरण निवलं. शेवटी नवरदेवानंच आईला हात जोडले, तेव्हा पंगत बसली.

शेषराव जवळ आले. “राहू दे पेटी. पण पुढच्या विहिणीले आधी सांगून ठेवजो.”

मास्तर सहज बोलले असतील, उकंडरावनं ते गाठीला बांधलं. त्यानंतर दर लग्नाआधी तो एसटीनं नवरदेवाच्या गावी जायचा आणि विहिणीला समजावून सांगायचा, की आवाज असाच आहे, भोंगा फाटलेला नाही. बहुतेकींना काय सांगितलं ते कळायचं नाही, पण चहा मिळायचा. त्याची बायको अन्नपूर्णाबाई म्हणायची, पोरगी पाहायलाही कोणी इतकं हिंडत नाही.

तो वारला त्याच्या चार दिवस आधीही लोणारला जाऊन आला. दम लागत होता, बोलताना थांबावं लागत होतं. तरी ओसरीवर बसून त्यानं विहिणीला सगळं सांगितलं, बशीतून चहा प्याला, आणि परतीची गाडी चुकेल म्हणून दुसऱ्या कपाला नको म्हणाला.