ज्वारीतल्या दोन टिकड्या

पिल्लाला पाठीवर ठेवायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं, हे माझं काम होतं. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिगृहात मी संशोधन सहायक होते. पांढऱ्या उंदरांच्या गाभण माद्यांना पाऱ्याचं द्रावण नळीनं पाजलं जाई आणि पिल्लं झाली की ती कशी वागतात ते आम्ही बघत असू. पाठीवरचं पिल्लू किती वेळात पालथं होतं, मोठं झाल्यावर चक्रव्यूहातली वाट किती दिवसांत लक्षात ठेवतं, आवाज झाला की किती दचकतं.

मला भीती वाटायची ती त्या आयांची. त्यांना काहीच होत नसे. खायच्या, प्यायच्या, पिल्लांना चाटून स्वच्छ ठेवायच्या. पिल्लंही गुटगुटीत, गुलाबी. पिंजरे साफ करणारे चाचा म्हणायचे, "मॅडम, ही तर एकदम तंदुरुस्त हायत की. कशाला घड्याळ लावता?" महिन्याभरानं तीच तंदुरुस्त पिल्लं चक्रव्यूहातल्या एकाच बंद गल्लीत पुन्हा पुन्हा शिरायची. चाचा मग झाडू घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे.

मला दिवस गेले तेव्हा प्रयोग चालवणाऱ्या सरांनी पाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायलाही मनाई केली. मी फक्त आकडे उतरवून घ्यायचे. तरी दिवसातून दहादा हात धुवायचे, घरी आल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. सासूबाई हसायच्या, "उंदराचा इटाळ धरतीस व्हय गं?"

सासूबाई मंगळवेढ्याच्या. वर्षाची ज्वारी तिकडूनच यायची आणि पत्र्याच्या कोठीत भरली जायची. कोठीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दळण त्याच काढायच्या, सुपात घेऊन निवडायच्या आणि मगच डबा गिरणीत जायचा. मला तो सासूपणाचा तोरा वाटायचा आणि आयतं पीठ मिळतंय तर मिळू दे म्हणून मी गप्प बसायचे.

पाचव्या महिन्यात त्या हुरड्याला म्हणून माहेरी गेल्या आणि पीठ संपलं. कामावर निघायची घाई होती. मी कोठी उघडली, वरची ज्वारी डब्यात ओतली आणि तशीच गिरणीत दिली. इतकी टपोरी, पांढरीशुभ्र ज्वारी, तिच्यात निवडायचं ते काय? नवरा फिरतीवर होता, म्हणजे खाणारी मी एकटीच. डोहाळेही नेमके गरम भाकरीचेच लागले होते. सात-आठ दिवस मी पोटभर जेवले.

सासूबाई परत आल्या आणि सूप घेऊन कोठीपाशी बसल्या. बराच वेळ ज्वारीत हात फिरवत राहिल्या.

"वरच्या थरात पाच घातल्या व्हत्या म्यां. तीनच हायत की. दोन टिकड्या कुटं गेल्या?"

"कसल्या टिकड्या, आई?"

"पाऱ्याच्या. किडं लागू नयेत म्हनून. समदीच घालत्यात."

मी न निवडता दळल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दळल्या असतील मग. औषधच हाय ते. काय व्हत न्हाय." मी भडकले. हात लावू नको म्हणालात, का ते कधी सांगितलंत का, असं बरंच बोलले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू कदी इचारलंस?"

नव्हतं विचारलं. पाऱ्याच्या भीतीनं हात सोलून निघेपर्यंत धुणाऱ्या बाईनं स्वतःच्या घरातली कोठी कधी उघडून पाहिली नव्हती.

टिकड्यांचं पाकीट मी सरांना नेऊन दाखवलं. त्यात पारा किती आणि कुठल्या रूपात, हे त्यावरून कळत नव्हतं. सर म्हणाले, "आपण देतो तो वेगळा. हा बहुतेक तसाच बाहेर पडतो." डॉक्टरीणबाईही 'बहुतेक'च म्हणाल्या. पुढचे चार महिने मी त्या एका शब्दावर काढले.

मुलगी झाली. गुटगुटीत, गुलाबी. सगळे पेढे खात होते आणि मी रडत होते. लोकांना वाटलं, आनंदानं रडते आहे. ती पालथी कधी पडली, टाळीला कशी दचकली, सगळं मी वहीत टिपून ठेवलं. आता ती चार वर्षांची आहे. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून थरथरते. एकच कोडं रोज त्याच जागी चुकवते. बालवाडीच्या बाई म्हणतात, मुलं असतातच अशी. असतातही. मी पोरीकडे नुसती पोरगी म्हणून कधी पाहिलंच नाही, याची मला लाज वाटते.

प्राणिगृहात निदान एक सोय असते. शेजारी साधं पाणी प्यायलेल्या मादीची पिल्लं असतात. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय काहीच ठरत नाही. माझ्याकडे ताडून पाहायला कुणी नाही.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी दुसऱ्या बाळाचा विषय काढला. चार वर्षं मी तो उडवून लावत आले होते. या वेळी पटकन हो म्हणाले. नवरा खूश झाला, सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. माझ्या मनात मात्र नव्या वहीची पानं आखून झाली होती, डावीकडे ही, उजवीकडे येणारं बाळ.

मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली. म्हणाली, "आई, बाळ माझ्यासाठी आणणार ना?"

मी हो म्हणाले. त्या दिवशी मी तेवढंच खरं बोलले.