काबे

लॉटरी लागल्यावर मी ना घर बांधलं, ना गाडी घेतली. वाटलं, आपण बदललो नाही तर गावही बदलणार नाही. कसलं काय! सानगडीच्या बाजारात नेहमीच्या चहाटपरीवर गेलो, तर बाकावरचे सगळे उठून उभे. लहानपणापासून मला 'काबे' अशी अरेतुरेची हाक मारणाऱ्या दोस्ताने कुठूनशी खुर्ची आणली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली आणि म्हणाला, "बसा, शेठ."

त्या खुर्चीत बसलो की बाकावर परतायची वाट बंद, हे मला कळत होतं. डोकं सणकलं. मी ओरडलोच, "काबे, मले शेठ काहून म्हणून राहिला? दे ना बे एखादी शिवी!"

त्याने घाबरून हात जोडले.

"चुकलं माझं, शेठ."