सासूबाई रानात गेल्या त्या दुपारी

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आम्ही जव्हारहून गावी जातो. पोशेऱ्याच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर टेकडीच्या पोटाशी आमचं घर आहे. ते आणि शेत मोठे दीर आणि जाऊबाई बघतात. मी जव्हारला शाळेत शिकवते, नवरा कचेरीत आहे, आणि गेली तीन वर्षं सासूबाई आमच्याकडेच राहतात, कारण त्यांना आता विसरायला होतं. भाकरी तव्यावर टाकून त्या अंगणात जाऊन बसतात. कधीकधी मला माझ्या नावाने हाक न मारता नुसतंच "अगं" म्हणतात.

त्या दिवशी सगळी माणसं चिखलात उतरली होती आणि सासूबाईंकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. एवढं एकच काम. शाळेतून फोन येत होता, मुलांची कसलीशी माहिती त्याच दिवशी भरून पाठवायची होती, आणि घरात रेंज नव्हती. सासूबाई ओटीवर लसूण सोलत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आई, मी वरच्या बांधावर जाऊन येते." त्यांनी मान हलवली. फोन लागेपर्यंत आणि बोलणं होईपर्यंत अर्धा तास गेला असेल. परत आले तर लसूण अर्धवट सोललेला, कोयता खुंटीवर नाही आणि चपला मात्र दाराशीच.

आधी मी घरामागे बघितलं, मग विहिरीकडे धावले. वाकून आत बघितलं. पाणी शांत होतं. तिथून शेताच्या बांधावरून ओरडतच खाली गेले. दीर आणि नवरा रस्त्याच्या बाजूला गेले, आणि जाऊबाई पदर खोचत माझ्याबरोबर रानाकडे निघाल्या. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कोयता घेतलाय म्हणजे त्या रस्त्याला गेल्या नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या.

पाऊस सकाळपासून थांबला होता, पण रानात थेंब गळतच होते. ऐन, साग, काकड, मध्ये करवंदाच्या जाळ्या. पाच पावलांपुढचं दिसत नव्हतं. मी मोठ्याने हाका मारत होते. जाऊबाईंनी मला गप्प केलं आणि खाली वाकून बघायला लागल्या. वाट फुटत होती तिथे एका बाजूला दोन झाडांच्या मध्ये कोळ्याचं मोठं जाळं होतं, परातीएवढं, आणि मधोमध काळीपिवळी कोळीण बसलेली. "इथून कोणी गेलं असतं तर हे राहिलं नसतं," त्या म्हणाल्या आणि दुसरी वाट धरली. थोडं पुढे लोतीच्या रानभाजीची पानं कापलेली दिसली, देठातून अजून पाणी पाझरत होतं. लोत कापताना हाताला खाज सुटते म्हणून आमच्याकडे पान धरायला दुसरं पान घेतात. ते सागाचं चुरगळलेलं पानही तिथेच पडलं होतं. माझ्या जिवात थोडा जीव आला, पण लगेच वाटलं, लहान मूल हरवलं तर ते रडत बसतं, मदत मागतं. यांना तर आपण हरवलोय हेच माहीत नाही.

पुढे जमीन नांगरल्यासारखी उकरलेली होती. रानडुकरं, जाऊबाई म्हणाल्या, रात्रीची असतील. वर कुठेतरी वानर खकारलं. ते बिबट्या दिसला की तसं ओरडतं हे मी स्वतः मुलांना वर्गात शिकवलेलं आहे. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, आपल्याला बघूनही ओरडतं ते. पण त्यांनी पावलं भरभर उचलली. भेकराची दोन खुरं ओल्या मातीत उमटली होती आणि त्यावर एक माणसाचं अनवाणी पाऊल, अंगठा बाहेर वळलेला. त्या पावलाला मी रोज संध्याकाळी तेल लावते. ते तिथे एकटंच बघून मला रडू आलं.

उतारावर बांबूची बेटं सुरू झाली आणि ओढ्याचा आवाज यायला लागला. बेटांच्या बुडाशी कोवळ्या बांबूच्या, म्हणजे वास्त्यांच्या, सोललेल्या साली पडल्या होत्या. एक, मग पुढे दोन, मग ढीग. आणि खाली, ओढ्याच्या काठावरच्या सपाट दगडावर सासूबाई. पाय पाण्यात सोडून, कोयत्याने वास्ता सोलत. आजूबाजूला खेकडे दगडांवरून फिरत होते.

मी उतारावरून घसरतच निघाले. चिखलात पाय ठरेना, म्हणून आधाराला समोरच्या बांबूकडे हात टाकला.

"हात नको लावू," सासूबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. चुलीजवळ मूल गेलं की बोलतात तसा. माझा हात हवेतच राहिला.

"आता तशीच बस खाली. मग बघ."

मी होते तिथे चिखलात बसले आणि बघितलं. माझा हात जिथे पडला असता तिथून वीतभर वर बांबूच्या गाठीवर हिरवा साप वेटोळं करून बसला होता. बांबूचाच हिरवा, डोकं त्रिकोणी. विषारी चापडा. मान आखडून तो माझ्याकडेच रोखून होता.

मी बसल्या बसल्याच मागे सरकले. जाऊबाईंनी दुसऱ्या बाजूने मला दंडाला धरून खाली उतरवलं. सासूबाई वास्ता सोलतच होत्या. तो साप मी आले तेव्हापासून तिथेच आहे, त्याला त्याचं काम मला माझं, असं काहीसं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "आई, न सांगता का आलात?"

"सांगितलं की तुला," त्या म्हणाल्या. "आवणीला एवढी माणसं आलीत. कालवणाला काय घालणार होतीस?"

येताना त्याच पुढे होत्या. कुठे पाय द्यायचा, कुठल्या जाळीला वळसा घालायचा, एकदाही थांबल्या नाहीत. मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागून चालले होते. पण रान संपलं, घराच्या अलीकडचा डांबरी रस्ता लागला, आणि त्या उभ्या राहिल्या. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. पदरातले वास्ते घट्ट धरले. मग हळूच जाऊबाईंना विचारलं, "घर कुठल्या अंगाला गं?"

जाऊबाईंनी त्यांचा हात धरला. नवरा समोरून धावत आला. त्याच संध्याकाळी त्याने दाराला वरच्या बाजूने कडी ठोकली. वास्त्यांचं कालवण सगळ्यांनी खाल्लं.

जव्हारच्या दारालाही त्याने तशीच कडी बसवली, आणि त्यावरून आमची भांडणं झाली. मी म्हटलं, कोंडलं तर त्या महिन्याभरात खचतील. शेवटी ठरलं की दर रविवारी मी त्यांना रानात न्यायचं आणि बाकीचे दिवस कडी लावायची. तेव्हापासून मी जाते. मला साप दिसत नाहीत, जनावरांचे आवाज कळत नाहीत, त्यांच्या भरवशावर मी त्यांना सांभाळते.

मागच्या महिन्यात आम्ही गावी होतो तेव्हा जाऊबाईही रानात आल्या होत्या. सासूबाईंनी चाईच्या वेलाचे कोवळे शेंडे म्हणून मूठभर खुडून माझ्या पिशवीत टाकले. घरी जाऊबाई निवडायला बसल्या आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी एक शेंडा उचलून मला दाखवला. चाईचं पान पाच बोटांचं असतं. हे अख्खं होतं, विड्याच्या पानासारखं. कडूकंदाचा वेल, पोटात गेला तर बाधणारा. जाऊबाईंना चाई ओळखायला सासूबाईंनीच शिकवलं होतं, लग्न होऊन आल्या त्या वर्षी.

आम्ही ते शेंडे गुपचूप गोठ्यामागे टाकले आणि परसातल्या माठाची भाजी केली. सासूबाईंनी जेवताना विचारलं, "चाई गोड लागली ना?" जाऊबाई म्हणाल्या, "हो आई."

आता त्या जे खुडतात ते मी आधी जाऊबाईंना दाखवते. जव्हारला असले तर फोटो पाठवते आणि उत्तर येईपर्यंत चूल पेटवत नाही. त्यांना हे माहीत नाही. रानात मात्र त्यांनी "थांब" म्हटलं की मी अजूनही थांबते. आणि थांबल्यावर दर वेळी मनात येतं, समोर खरंच काही आहे का, की हेही त्यांचं चुकलं असेल. तरी पाय उचलत नाही.