गोळीवरचा भंडारा

वाळूजच्या एका लहानशा ओतशाळेत बिभीषण भट्टी सांभाळतो. गडी बिडकीनकडचा, मेंढरं वळणाऱ्या घरातला. देवाच्या कामात त्यानं कधी कसूर केली नाही, आणि नेमका त्यातच तो गोत्यात आला.

तिथल्या इंजिनिअर प्रेरणाताईंनी एक नवा मिश्रधातू बनवला होता. त्याच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या अंतराळस्थानकात जायच्या होत्या. जमिनीवर वितळलेला धातू मुशीला चिकटतो, तिची घाण घेतो. तिकडं वर तो कशालाही न टेकता अधांतरी तरंगतो, म्हणून त्याचा खरा स्वभाव मोजता येतो. तो कळला की इंजिनाचे भाग जास्त टिकाऊ ओतता येतात. ताई या कामापायी घरदार विसरल्या होत्या.

खंडेनवमीला बिभीषणनं भट्टी पुजली, चिमटे पुजले. बशीतल्या गोळ्या तेवढ्या का वगळा, म्हणून त्यांच्यावरही चिमूटभर भंडारा उधळला. मग फडक्यानं पुसल्या. दुसऱ्या दिवशी गोळ्या अंतराळात पाठवणाऱ्या प्रयोगशाळेकडं रवाना झाल्या.

पुढं एकदा चहा पिताना ताई म्हणाल्या, "गोळीवर जरा जरी घाण राहिली ना मामा, तरी तापल्यावर वाफ सुटते अन् ती भिंतीवर जाऊन आदळते. सगळं मुसळ केरात!"

बिभीषणनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. घरी बायको सखूबाईनं त्याचं तोंड पाहूनच ओळखलं. "जावा, सांगून मोकळं व्हा," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, विचारायचं तरी!" एवढंच त्या बोलल्या. त्यांनी त्या प्रयोगशाळेला लगेच कळवलं, पण गोळ्या केव्हाच वर पोचल्या होत्या. उत्तर येईना. बिभीषणला भाकर गोड लागेना. आपल्या भक्तीनं या पोरीचं वाटोळं केलं, एवढंच त्याच्या मनात.

अखेर वरच्या प्रयोगाची चित्रफीत आली. ताईंनी त्याला हाक मारून शेजारी बसवलं. काळ्या पडद्यावर लालभडक थेंब थरथरला, लांबट झाला, बिभीषणनं डोळे मिटले.

"मामा, बघा तरी!"

थेंब गोल झाला होता. मधोमध, कुठंही न टेकता.

बिभीषण बसल्या जागी लहान पोरासारखा रडला. ताईंनीही डोळे पुसले. मग सोबतचा मजकूर वाचता वाचता त्यांना हसू फुटलं.

"गोळ्या वर पाठवायच्या आधी ते पुन्हा धुतातच म्हणे. पण विचारतायत, ती पिवळी पूड कसली होती? काय लिहू?"

बिभीषणनं नाक पुसलं.

"खरं तेच लिहा. खंडोबाचा भंडारा व्हता. अन् म्हणावं, धुतला ते लई चांगलं केलं."