शेंदराची जागा

थिनरचा वास आला की कारापूरची ती दुपार आठवते. बाबांना खूश करायचं म्हणून, ते मांद्र्याला गेले असताना, मी त्यांच्या जुन्या फियाटचा पत्र्याचा डॅशबोर्ड खसाखसा घासून क्रीम रंगाने रंगवला. शेवटचा हात मारताना एकदम लक्षात आलं. स्टिअरिंगशेजारचा जो तांबडा डाग मी गंज समजून घासून काढला, तो गंजाचा नव्हताच. गाडी घरी आली त्या दिवशी, आता हयात नसलेल्या माझ्या आईने शेंदराने काढलेलं ते स्वस्तिक होतं. तेवढ्यात बाबा आले, गाडीत बसले आणि सवयीने नमस्कारासाठी त्यांचं बोट नेमकं तिथेच टेकलं. बोटाला लागलेल्या रंगाकडे ते बघत राहिले. "रंग अजून ओलो आसा गो," एवढंच म्हणाले. आता गाडी मी चालवते आणि किल्ली फिरवण्याआधी वाळलेल्या रंगातल्या त्यांच्या ठशावर बोट टेकवते.